पेन्सिलीनं लिहा

चोर्ल्याचा घाट चढून मासळीचा टेम्पो येतो पहाटे.
बर्फाच्या पेट्यांत बांगडे, तारली, सौंदाळे,
आणि क्लीनरच्या पायाशी, पोत्यात गुंडाळलेल्या,
माझ्या चोवीस बाटल्या.
कॅम्पातल्या मच्छी मार्केटात मी स्वेटर घालून उभी.
"बाई, ह्या दारूत काय घातलंय?" अंतोन विचारतो.
लेकरं, मी म्हणते. खोल पाण्यातल्या कोळंबीची.
तो एक बाटली दिव्यापुढं धरतो.
त्याला धूळ दिसते. मलाही.

समुद्र इथून सव्वाशे किलोमीटर,
आणि अडीच हजार फूट खाली.
टिळकवाडीत, कॉलेजच्या मागच्या खोलीत,
सूक्ष्मदर्शक, डुगडुगतं टेबल, इराप्पाचा चहा.
शेपटीवरचे काटे मोजते मी.
सात अधिक सात. पुन्हा सात अधिक सात.

मोठी कोळंबी सगळ्यांना ठाऊक:
चारशे मीटरच्या अंधारातून ओढून आणलेली,
शिजवण्याआधीच तांबडी,
तिला भाव आहे, खोका आहे, परदेश आहे.
तिची पोरं कशी दिसतात
हे तिलाही सांगता येणार नाही.
ती अंडी पाण्यात सोडते नि निघून जाते.
पुढचं प्रवाहानं बघायचं.
पोरं दर कातीला इतकी बदलतात
की आधीच्या लोकांनी एकाच पोराला
दोन नावं देऊन दोन घरांत बसवलं.
माझ्या वहीतही तेच झालेलं असणार.
पान अकरा: शिंगवाला.
पान बत्तीस: बोडका.

बाबा खानापूरच्या कुंभारकाम केंद्रात होते,
जन्मभर माती चाळली.
रविवारी माझी चित्रं बघतात, चष्मा कपाळावर.
"काय बघूलीयास गं एवढं?
ह्येचा रस्सा तरी हुतो काय?"
नाही होत.
"मग भाजल्यावर कळंल म्हण,"
कच्च्या मडक्याकडं बघून म्हणायचे तसं.

सतराव्या बाटलीतली चिठ्ठी पेनानं लिहिलेली.
स्पिरिटमध्ये शाई सुटली.
तारीख गेली, वेळ गेली,
खोलीतला एक कानडी आकडा राहिला, अर्धा.
कानडी तीन नि सहा सख्खे भाऊ.
इराप्पानं चिठ्ठी खिडकीशी नेली.
"सहा की हो, मॅडम." मग थांबून,
"तीन बी असंल."
कारवारला फोन लावला. आधी इंजिनाचा आवाज,
मग मंजुनाथ:
रात्र होती, एवढं त्याला आठवत होतं.
पेन्सिलीनं लिहा, मी सांगत असते सगळ्यांना,
मराठीत, कानडीत, मोडक्या कोकणीत.

त्याच बाटलीच्या चौथ्या थेंबात
पान अकराचा शिंगवाला.
भिंग फिरवलं, उजेड कमी केला.
त्याच्या पारदर्शक कातडीखाली,
मिटलेल्या ओल्या छत्रीसारखं,
दुसरं कुणीतरी.
पान बत्तीसचे पाय. पान बत्तीसची शेपटी.
शिंगांच्या जागी आत काहीच नाही.
जाळं आलं तेव्हा कात टाकायला
तासभर उरला असेल. कमीही.
"इराप्पा," मी हाक मारली, आणि तो आल्यावर
काय सांगायचं ते सुचेना.
त्यानं एक डोळा लावून बघितलं, बराच वेळ.
"आतला भाईर याचा ऱ्हायला," म्हणाला.

एक नाव खोडलं. मग दुसरंही.
कागद तिथं पातळ झाला.

संध्याकाळी गोवावेसच्या कोपऱ्यावर
त्या दुकानाची पाटी, कानडीत नवी रंगवलेली,
आणि तिरप्या उन्हात रंगाखालून
"सायकल दुरुस्ती" अजून वाचता येते.
पण तिथं जुनं खाली, माझ्याकडं नवं आत.
तुलना बसेना, सोडून दिली.
आत मुस्ताक नळीत हवा भरून
बादलीत बुडबुडे शोधत होता.

खानापूरच्या गाडीत खिडकी मिळाली.
बोटांना स्पिरिटचा वास.
आठवलं, सतराव्याची नोंद अर्धीच राहिली:
खोली, तीन किंवा सहा, ठाऊक नाही.
पिशवीत पेन्सिल शोधली.
पेनच सापडला.